भिंतीकडे तोंड

गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की अक्का उठायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. नुसती मान वळवणं तिला पुरेसं वाटायचं नाही. पाठ पूर्ण फिरवायची, हात मागे बांधायची आणि थोड्या वेळानं विचारायची, "झालं का? फिरू का?"

एकदा एका निवृत्त मास्तरांना पासवर्ड आठवेना. त्यांनी बायकोला फोन लावला, मुलीला लावला आणि शेवटी वैतागून चहा प्यायला निघून गेले. अक्का भिंतीकडेच. मी म्हणालो, "अक्का, मास्तर गेले की!" तर म्हणते कशी, "गेले आसतील. पण झालं म्हणाले का?"

सात रस्ता चौकाजवळ एकाच गाळ्यात मधे प्लायवूड मारून आम्ही दोन दुकानं केली होती. इकडे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं, तिकडे अक्काचं लॅपटॉप दुरुस्तीचं. विणकरांच्या तेलुगू घरातली बाई, पन्नाशी ओलांडलेली. नवरा टीव्ही दुरुस्त करायचा. तो गेल्यावर तिनं त्याची हत्यारं उचलली आणि बाकीचं स्वतःच शिकली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ती एक टिकली चिकटवायची. विधवा बाई दर पंधरवड्याला टिकल्यांचं पाकीट नेते म्हटल्यावर बांगडीवाल्याच्या भुवया वर जाणारच. "मला न्हाय रे, लॅपटॉपला," ती त्याला बजावायची. तुम्हीही हसला असता. मी तर रोज हसायचो.

माझा कारभार उलटा होता. फॉर्मच्या दिवसांत मुलांची झुंबड उडायची. म्हणून मी त्यांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकून द्यायचो, म्हणजे माझ्या खुर्चीत बसून मला त्यांचा लॅपटॉप चालवता यायचा. प्रत्येक लॅपटॉपचा त्या प्रोग्रॅममधला नंबर नावासकट एका वहीत, वही काउंटरवर. पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि तो मलाच आठवायचा नाही म्हणून कागदावर लिहून खुर्चीमागच्या भिंतीला चिकटवलेला.

"भाऊ, कुलूप लावून चावी दारालाच टांगली की तुमी," अक्का म्हणायची.

"आपल्याकडं काय चोरायचंय, अक्का?" मी म्हणायचो. ती पुढे वाद घालायची नाही.

त्या दिवशी दुपारी एक मुलगी चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून आली. मोहोळकडच्या खेड्यातली, इथे खोली घेऊन नर्सिंग शिकणारी. तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म मीच भरला होता, पण ती माझ्याकडे न थांबता सरळ अक्काकडे गेली.

"अक्का, ह्याच्या कॅमेऱ्याची लाइट आपोआप लागती," ती म्हणाली. मग एकदम आवाज खाली आणून, "कुणीतरी माझा फोटो पाठवलाय. खोलीतला. आंघोळीवरनं आल्यावरचा. पाचला व्हिडिओ कॉलवर ये म्हणतोय, न्हायतर आप्पांना पाठवतो. आप्पा शिक्षण बंद करतील, अक्का. लग्नच लावतील माझं."

घड्याळात दोन वाजले होते. तिनं मोबाइल पुढे केला. अक्कानं हात मागे घेतला.

"फोटू मला दाखवू नको. कधी काढलाय ती वेळ तेवढी वाच."

मुलीनं वेळ वाचली. अक्कानं लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं, पाकिटातली टिकली काढून कॅमेऱ्यावर दाबली आणि कोण कधी आत आलं होतं त्याची यादी उघडली. यादी वाचता वाचता त्याच वेळेपाशी तिचं बोट थांबलं.

"भाऊ, हितं या."

मी गेलो. यादीत माझ्याच प्रोग्रॅमचं नाव होतं, पुन्हा पुन्हा. मुलीनंही ते वाचलं. स्टूल मागे सरकवून ती माझ्यापासून लांब झाली.

"सर, तुमी?"

"नाही गं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. अक्का माझ्याकडे रोखून बघत होती. तिला माझी खात्री असेल असं मला वाटत होतं. तिनं तसं काही म्हटलं नाही.

"तुमी केलं आसेल नसेल, ते पोलीस बघतील. दार तर तुमचंच हाय. वही घ्या, भिंतीवरचा कागद घ्या. संगट यायचं."

"सगळं पुसून टाका, अक्का," मुलगी रडकुंडीला आली होती.

"पुसलं तर त्यो सुटला, पोरी. आन् कॉलवर तर जायचंच न्हाय. आज गेलीस तर उद्या परत बोलावणार." मग जरा थांबून म्हणाली, "त्याच्या आधी तूच आप्पांना सांग."

मुलगी नाही म्हणून मान हलवतच राहिली. अक्कानं जबरदस्ती केली नाही. उठली, भिंतीकडे तोंड केलं, हात मागे बांधले. मीही प्लायवूडपलीकडे गेलो. शेवटी तिनं फोन लावला. मग ऐकू आलं, "आप्पा, माझी काय चूक न्हाय, पण..." पुढचं ती हळू बोलली.

"झालं का? फिरू का?"

"निघालो म्हणाले," मुलगी म्हणाली. "दुसरं काहीच बोलले न्हाईत."

आप्पा आले तेव्हाही गप्पच होते. सायबर पोलिसांच्या ऑफिसात बाकावर एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मुलगी, मधे अक्का. मी उभा, हातात वही. पाचला पाच मिनिटं असताना मुलीनं अक्काचा हात धरला. पाच वाजून गेले आणि आप्पांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबरवरून फोटो आला होता, फक्त उघडायचा बाकी होता.

आप्पा मोबाइलकडे बघत राहिले. मग उठले आणि तो तसाच टेबलामागच्या पोलीस बाईंच्या हातात दिला.

"तुमीच बघा, मॅडम. माझी पोरगी हाय ती."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मुलगी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पुढे सापडला तो रोज माझ्याकडे प्रिंट काढायला येणारा एक गोड बोलणारा इसम निघाला. माझ्या खुर्चीला टेकून गप्पा मारता मारता त्यानं काउंटरवरची वही आणि मागची भिंत वाचली होती. मीच त्याला चहा पाजायचो. मला स्वतःची फार लाज वाटली, आजही वाटते. वहीतल्या एकेका मुलाला बोलावून मी तो प्रोग्रॅम काढून टाकला. काहींनी शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. अक्का शेजारी बसून प्रत्येक लॅपटॉपला टिकली लावत होती.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले आणि अक्का मुलाकडे हैदराबादला गेली. जाताना टिकल्यांचं अर्धं पाकीट माझ्या काउंटरवर ठेवून गेली.

परवा ती मुलगी नोकरीचा फॉर्म भरायला आली. माझ्याकडे येईल असं कधी वाटलं नव्हतं. पासवर्डची वेळ आली तसा मी उठलो आणि भिंतीकडे तोंड केलं. समोर कागद काढल्याच्या जागी चिकटपट्टीचे चार डाग होते. मागे की-बोर्डची टकटक थांबली. "फिरू का?" असं विचारायचा मला धीर झाला नाही.

"झालं, सर," ती म्हणाली. "फिरा आता."