स्पंज, पण डोशाचा नव्हे

कोल्हापुरात 'स्पंज' म्हटलं की माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक, टपाल कचेरीत तिकिटं ओली करायला ठेवलेला काळपट गोळा; दुसरी, लोणी स्पंज डोसा. पहिल्या गोष्टीत कुणी डॉक्टरेट करत नाही आणि दुसरीतली पदवी इथल्या माणसाला जन्मतःच मिळालेली असते. त्यामुळं गडहिंग्लजच्या रुद्राप्पा कोरींची शिवलीला 'स्पंजावर संशोधन' करायला कोल्हापूरला आली, तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या भुकेप्रमाणं अर्थ लावून घेतला.

शिवलीलाचे स्पंज समुद्रातले. दिसायला कुणी सुकलेल्या गाजरासारखा, कुणी करपलेल्या भाकरीसारखा. हात नाही, पाय नाही, तोंड नाही, डोळा नाही, तरी प्राणी. खडकाला धरून बसायचं आणि अंगावरच्या भोकांतून समुद्र गाळत राहायचं, एवढाच धंदा. शत्रू आला तर पळता येत नाही, चावता येत नाही. मग हा पठ्ठ्या अंगात असली जहाल रसायनं बाळगतो की खाणारा थुंकून निघून जातो आणि जंतू जवळ फिरकत नाहीत. अशा एखाद्या रसायनात माणसाच्या कामाचं औषध सापडतं का, हे शिवलीला शोधत होती.

"जागचा हलत न्हाय आणि जवळ येईल त्याचं तोंड कडू करतो, म्हणजे कोल्हापूरचाच की हा," असं तिचे मार्गदर्शक गणपतराव सर खुर्चीतून न हलता म्हणायचे.

मे महिन्यात ओहोटी गाठून शिवलीला कोकणात उतरायची, छिन्नीनं खडकावरचे स्पंज सोडवायची आणि बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं घाट चढायची. गगनबावड्याला गाडी थांबेपर्यंत वासानं शेजारची सीट हमखास रिकामी झालेली असायची. शिवलीला तिच्यावर डबा ठेवायची आणि पाय पसरून झोपायची.

गंमत अशी, की ही बाई ज्या घरात वाढली तिथं अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेत. कोल्हापुरातही रुद्राप्पांनी लेकीसाठी खोली शोधली ती शांतव्वांच्या घरात, शाकाहारी गल्लीत. शांतव्वा सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या, विधवा, कडक. बोलताना अर्ध्या कानडीत रागवायच्या आणि उरलेल्या मराठीत दम द्यायच्या. त्यांच्या पाहुणचाराइतकाच गल्लीत प्रसिद्ध होता तो त्यांचा फ्रिज. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती, दाराला हळदीकुंकू.

१९९८ साली कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा जुना फ्रिज कायमचा गप्प झाला. नव्यासाठी अर्ज गेला, तोही गप्प झाला. मेमध्ये आणलेले स्पंज वितळायला लागले. पावसाळ्यात समुद्र कुणाला जवळ येऊ देत नाही; हे स्पंज गेले की काम दिवाळीपर्यंत बंद. आणि काम बंद पडलं की रुद्राप्पा लेकीला गडहिंग्लजला नेऊन लग्न लावायला तयारच होते.

शिवलीला शांतव्वांकडं गेली. "अक्का, थोडा स्पंज ठेवू का बर्फाच्या कप्प्यात?"

"ठेव की, तंगी," शांतव्वा कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारतात तशा म्हणाल्या. "पीठ तेवढं उतू जाऊ देऊ नकोस."

शिवलीलाला वाटलं, अक्का विनोद करतायत. शांतव्वांनी उभ्या आयुष्यात विनोद केलेला नव्हता.

श्रावणात वारापाऊस झाला, तारा तुटल्या आणि गल्लीतले दिवे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, नेमक्या सोमवारी, गल्लीत वास सुटला. कुजलेलं बंदर, त्यावर थोडा लसूण, असा. गल्लीनं एकमतानं गुन्हेगार ठरवला : कोपऱ्यावरचा सयाजी. तालमीत उमेदीची वर्षं घालवलेला हा गडी गल्लीत मटण खाणारा एकटाच.

सयाजी उघडा, खांद्यावर पंचा टाकून शांतव्वांच्या दारात आला. "कोण म्हणतंय मी मासं शिजवलं? श्रावण पाळतोय मी! महिनाभर शेंगदाण्याच्या आमटीवर जगतोय, आणि वर ही बदनामी?" मग त्यानं वास घेतला. "ह्यो बांगडा न्हाय. सुरमई बी न्हाय. हे समुद्रातलंच हाय, पण असलं मी बी खाल्लेलं न्हाय."

गल्ली ऐकेना. सयाजीनं पंच्यानं डोळे टिपले. जन्मात पहिल्यांदा श्रावण पाळला होता बिचाऱ्यानं.

"सयाजीदादा खरं बोलतायत," शिवलीला पुढं झाली. "वास माझ्या स्पंजाचा हाय. अक्कांच्या फ्रिजमधून येतोय."

शांतव्वांनी तिच्याकडं पाहिलं. "डोशाचं पीठ कुजलं?"

"डोसा न्हाय, अक्का. समुद्रातला स्पंज."

निरोप मिळताच दुपारपर्यंत रुद्राप्पा गडहिंग्लजहून येऊन थडकले. सगळी गल्ली शांतव्वांच्या पुढच्या सोप्यात बसली होती. शांतव्वांनी खुर्चीत बसून एकच प्रश्न ठेवला : ते झाड की जीव?

आता खरं सांगायचं तर उत्तर सगळ्यांनी मिळून तयार करून ठेवलं होतं. गणपतराव सरांनी शेजारच्या दुकानात फोन करून निरोप दिला होता, "समुद्री वनस्पती म्हणा, कोण बघतंय?" रुद्राप्पांनी लेकीला कोपऱ्यात घेतलं. "लीलव्वा, शेवाळ म्हण. एक शब्द. खोली राहती, शिक्षण राहतं, माझी मान राहती. न्हायतर संध्याकाळच्या गाडीनं चल माझ्यासंगं." स्वतः शांतव्वांचाही चेहरा 'झाड म्हण की गं' असंच म्हणत होता.

शिवलीलानं पदर खोचला.

"प्राणी हाय," ती म्हणाली.

"तोंड हाय का त्याला?" शांतव्वांनी अजून एक वाट काढून दिली.

"न्हाय."

"रक्त?"

"न्हाय."

"मग झाडच की!"

"झाड न्हाय, अक्का. ज्याच्यासाठी मी घाट चढले, त्याची जात बदलून मला तुमच्या घरात राहायचं न्हाय. उद्या औषध निघालं तर तेबी खोट्याच नावानं निघंल का? प्राणी हाय. बाहेर काढायचं तर काढा. गडहिंग्लजला मातूर मी जात न्हाय."

सयाजी पुटपुटला, "डाव बसला." कुणावर, ते त्यानं सांगितलं नाही.

शांतव्वा उठल्या. फ्रिजवरचा गणपती उचलला, रुमाल उचलला. "खोली आजच्या आज सोड. आणि हे बाटलेलं कपाट पण माझ्या घरात नको. जनावर तुझं, कपाट तुझं. घेऊन जा."

"अक्का, फ्रिज?"

"कानडीत सांगू?"

शिवलीला खोलीला मुकली आणि अर्ज करूनही न मिळालेल्या फ्रिजची मालकीण झाली. शेवाळ म्हणाली असती, तर खोली राहिली असती आणि फ्रिज शांतव्वांच्याच घरात दह्यासाठी थंड राहिला असता. निम्मे स्पंज कुजले होते. निम्मे कप्प्याच्या तळाशी थिजलेल्या बर्फात शाबूत होते.

"भाजीचा कप्पा तेवढा मी ठेवून घेऊ का?" शिवलीला निघताना शांतव्वा म्हणाल्या. "त्यात जनावर नव्हतं ना?"

"नव्हतं."

शांतव्वांनी पुन्हा विचारलं नाही. कप्पा उचलून आत नेला आणि त्यात मिरच्या भरल्या.

सयाजीनं हातगाडी आणली. फ्रिज दोरीनं बांधला. शिवलीला पुढं वाट मोकळी करत निघाली. फ्रिज कॉलेजात ठेवायचा आणि मैत्रिणीच्या खोलीवर पथारी टाकायची हे तिनं चालता चालताच ठरवलं. रुद्राप्पा हातगाडीमागं चालत होते. गडहिंग्लजची संध्याकाळची एसटी सुटायची वेळ होत आली होती. चढावर हातगाडी अडली, तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि खांदा लावला.

चौकात पानाच्या टपरीवर घोळका उभा होता. "काय पावणं, लेकीचं रुखवत न्यायलाय जणू?"

"व्हय," रुद्राप्पा धापा टाकत म्हणाले.

"आत काय हाय म्हणायचं?"

"स्पंज."

"अरे वा! डोसा?"

रुद्राप्पांनी गाडी थांबवली. फेटा सारखा केला. ज्या माणसानं अंड्याचं नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं, तो भर चौकात ओरडला, "जनावर हाय! जित्तं जनावर! झाड म्हणालास तर बघ!"

मग लेकीकडं न बघता त्यांनी पुन्हा खांदा लावला.