पाण्याचं वाकडं

मी जर्मनीला निघाले तेव्हा बाबा स्टेशनवर सोडायला आले. औरंगपुऱ्याच्या बाजारात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा माणूस. गिऱ्हाइकाला शेवटी सांगायचे तेच त्यांनी मलाही सांगितलं, "पाणी बघत जा, माय." गाडी हलली आणि मी रडता रडता हसले.

ते दुष्काळाचे दिवस होते. गल्लीत टँकर आला की आई हंडा घेऊन धावायची, आणि दुकानात बॅटरीच्या शुद्ध पाण्याच्या कॅनवर बाबांचा पहारा. तरी लोक टँकरचंच पाणी बॅटरीत ओतायचे आणि ती बिघडली की तोंड पाडून दुकानात यायचे.

गावातल्या मैत्रिणी विचारतात, जर्मनीत तू करतेस तरी काय? पाण्याला हाकलते, बायांनो! बाहेर सदा रिमझिम आणि आत आमची कोरडी खोली. आपल्या श्वासाची वाफसुद्धा तिथं जास्त होते, म्हणून एका वेळी थोड्याच जणांनी आत जायचं. लिथियम धातूची बॅटरी करतोय आम्ही. हलकी, आणि नेहमीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वीज साठवणारी. पण लिथियमचं आणि पाण्याचं हाडवैर. शिवाय चार्ज करताना त्या धातूला वेड्या बाभळीसारखे बारीक काटे फुटतात. काटा बॅटरीच्या दोन बाजूंमधला पडदा फाडून पलीकडं गेला की आग. ते काटे फुटू द्यायचे नाहीत, हे माझं काम. कधी त्या पांढऱ्या खोलीत उभी असताना ओठ सुकतात, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन अंगावर आल्यासारखं वाटतं, आणि दाराबाहेर आई हंडा घेऊन उभी असेल असा भास होतो.

बाबा फोनवर म्हणायचे, "पाण्याशी वाकडं असलेली बॅटरी! पेटणारी वस्तू मी दुकानात ठिवणार नाय. न पेटणारी झाली की घेऊन ये." इकडं मी काट्यांशी झुंजत होते, तिकडं लोक बाजारातल्या नेहमीच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांकडं वळले आणि दुकान ओस पडत गेलं. बाबा थकले. मला धास्ती आगीची नव्हती, उशीर होण्याची होती.

या हिवाळ्यात, पडद्याच्या जागी सिरॅमिकचा पातळ थर घातलेला आमचा एक सेल टिकला. काटा नाही. मुद्दाम खिळा ठोकला, तरी पेटला नाही. बाबांना फोन केला, पण पुढचंही सांगावं लागलं. "एवढ्यात येता नाही येणार, बाबा. हा थरही ओल लागली की बिघडतो. अजून लई कोरड्यात काम करावं लागणार."

 बाबा म्हणाले, "आगं मग तिकडं पावसात कशाला बसलीस? आपल्या शेजारी शेंद्र्याकडं विजेवरच्या गाड्यांचे कारखाने व्हायलेत. आन् कोरडं म्हणशील तर आपल्याकडं काय कमी हाय व्हय?"

फोन ठेवून मी ढसाढसा रडले. ज्या कोरडेपणानं आम्हाला जन्मभर रडवलं, तेच बाबांनी लेकीला आहेर करावा तसं पुढं केलं होतं. जिथली उणीवसुद्धा आपल्या उपयोगी पडावी असं कुणाला तरी वाटतं, तेच आता माझं घर. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून टाकलं, पुढचं काम मी आमच्या गावी, शेंद्र्याकडं करीन.