तळ्यावरचा भाजणीचा वास

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. "कोणीतरी हाक मारली" असं कोणी लिहिलं की मी म्हणणार, आधी कान तपासून घ्या! विमानाच्या पंखांवर किती ताण येतो ते मोजणं हा माझा पेशा... भुतांसाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही. पण मार्चमधल्या त्या शनिवारचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी ग्लायडर उडवते. म्हणजे इंजिन नसलेलं विमान. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची आणि पुढे सरकायचं. बंगळुराबाहेर, हेब्बाळच्या उत्तरेला आमचा छोटासा क्लब आहे. त्या दिवशी स्पर्धा होती — दोन ठिकाणांना वळसा घालून परत यायचं. बसवनगुडीच्या घरी आईला मी "ऑफिसचं काम आहे" असं सांगून निघाले होते. बाबा गेल्यापासून तिला असलं काही सांगायची माझी हिंमतच होत नाही. चार वर्षं दर शनिवारी मी बेधडक खोटं बोलत होते.

हवेचा भरवसा नव्हता. घटकेत ऊन, घटकेत ढग. उड्डाणाच्या वेळी पंख धरणारे रघुअण्णा — चार पिढ्या बंगळुरातले, अर्धे मराठी, अर्धे कन्नड — म्हणाले, "अक्का, आकाश सरी नाही, ठीक नाही आज. स्वल्प जवळच राहा."

पहिला वळसा झाला आणि रेडिओवर कळलं, बाकीचे सगळे परत फिरलेत. दुसरा वळसा घेतला की नंबर माझा! मग काय, मी गेले.

तेवढ्यात ऊन गेलं आणि हवा मेली. मी खाली खाली येत राहिले. अडीचशे मीटर उरल्यावर नियम असा, की आता शोधाशोध बंद, दिसेल त्या शेतात उतरायचं. पण गेल्या वर्षी नाचणीची शेतं होती तिथे आता प्लॉट पाडलेले, विजेचे खांब, तारा... आणि पलीकडे एक तळं. उतरायला जागाच नव्हती. मी मोठ्यांदा म्हणाले, "आई गं!" खूप घाबरले होते.

आणि काचेच्या छोट्या खिडकीतून वास आला. भाजणीचा. धने, डाळी, तांदूळ, सगळं खमंग भाजलेलं.

वर चढणारी हवा जमिनीवरचा वास घेऊन येते, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. पण हा वास तळ्यावरून येत होता... ढगाखालच्या गार पाण्यावरून हवा चढत नाही. तरी मी तिकडे वळले. पंखाला हलकेच वर उचलल्यासारखं झालं. मी फिरत राहिले. खाली पाणी राखाडी, वर आकाश राखाडी, मधे तो वास. वेळ जणू थांबला होता, भीती कधी गेली कळलंच नाही. शुद्धीवर आल्यासारखं उंचीच्या काट्याकडे पाहिलं तर नऊशे मीटर! तिथून सरळ घसरत परत आले.

उतरल्या उतरल्या आईला फोन लावला.

"आई, भाजणी भाजतेयस का गं?"

"वेड लागलंय? सहा वर्षं विकतची आणतोय आपण." मग म्हणाली, "मगाशी डोळा लागला तेव्हा भाजत होते खरी. तू दारात उभी. म्हणालीस, आई, उतरायला जागाच नाही गं. मी म्हटलं, थांब, आच मोठी करते."

बसवनगुडी तिथून निदान तीस किलोमीटर. विमानातल्या यंत्रात ती चढण नोंदलेली आहे, क्लबातल्या जाणत्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, सगळ्यांनी डोकं खाजवलं.

"आहेस कुठे तू?" आईने विचारलं.

मग मी खरं ते सांगून टाकलं. मला रडू यायला लागलं.

"पुढच्या शनिवारी सांगून जा," ती म्हणाली. "म्हणजे दुपारी वेळेवर आडवी होईन."