पाणीपट्टीची यादी

इथे मी कोणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. दुसरबीडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एवढंच सांगते. नावं बाहेर जाऊ न देण्याचा शब्द मी त्या गावात एकदा दिला होता.

मी देऊळगाव राजाची. वडील कचेरीत कारकून होते. शाळेत माझ्या बाकावर खेड्यातून एसटीनं येणारी एक मुलगी बसायची. गणितात ती माझ्या पुढे होती. शेकडेवारी मला सरांनी शिकवली खरी, पण समजली ती तिच्यामुळे, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं आणि भाजीपाला करणाऱ्या घरात तिचं लग्न झालं. मी शिकत शिकत पुण्याला गेले, अर्थशास्त्राची प्राध्यापक झाले. गावी आले की दोनेक वर्षांतून एकदा तिच्याकडे चक्कर व्हायची. "तुहा अभ्यास कुठवर आला?" असं ती दर वेळी विचारायची, आणि मी सांगितलेलं खरंच ऐकायची.

माझा अभ्यास होता उत्पन्नातल्या विषमतेचा आणि करांचा. कोण किती कमावतो आणि सरकार कोणाकडून किती घेतं. साबणाच्या वडीवर मजूर आणि बंगलेवाला सारखाच कर भरतात, पण मजुराच्या कमाईला त्याचा चिमटा जास्त बसतो. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं जास्त द्यावं आणि त्यातून कमी असलेल्याचा भार हलका व्हावा, असं मी वर्गात शिकवत होते. आजही शिकवते. आता मला ते एका अख्ख्या गावात, घरोघर जाऊन तपासायचं होतं. अडचण एकच होती. परक्या माणसाला आपली खरी कमाई कोणी सांगत नाही.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ये न. मी हिंडतो तुह्यासंगं."

तीन आठवडे आम्ही हिंडलो. सकाळी तिचं घरचं आटोपलं की निघायचं. कोणी दारात अडखळलं, की ती पुढे होऊन सांगायची, "आपलीच हाय ते, देऊळगावची. तिले काही लपवू नका. नाव कुठंच येनार नाही, मी सांगतो ना!" मग लोक बसायला सतरंजी टाकायचे आणि बोलायचे. एका म्हाताऱ्यानं मुलगा पैसे पाठवत नाही हे सांगितलं. बाहेर तो मुलाचं कौतुकच करत असे. दोन मजली घराच्या मालकानं आवाज खाली आणून आपली खरी आवक सांगितली.

तिचं घर आम्ही शेवटी घेतलं. नवरा पाठीच्या दुखण्यानं वर्षभर घरी होता. त्या दिवशी तो दवाखान्यात गेलेला. मी विचारलं, "उत्पन्नाचं मुख्य साधन?" तिनं एकदा दाराबाहेर पाहिलं.

"लिही, मजुरी."

"मजुरी? तू तर बियाण्याच्या प्लॉटवर देखरेखीला आहेस ना?"

"घरी तसं सांगतलं म्या. दोन गावं सोडून निंदायले जातो. याहीच्या घरची बाई आजलोक कोनाच्या वावरात गेली नाही वं. त्याहीले समजलं तं झोप नाही लागनार." मग हसून म्हणाली, "तुले खोटं कसं सांगू? तुहा हिशेब चुकंल."

मी लिहिलं, मजुरी.

निष्कर्ष गावापुढे मांडायचे म्हणून मी ग्रामसभेत बोलले. पाणीपट्टीचंच उदाहरण घेतलं. तीन मजली घर आणि एका खोलीचं घर, नळ दोघांकडे आणि पट्टी दोघांना सारखी. हे न्याय्य आहे का? लोक कुजबुजले. सरपंच म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच सांगा काय करावं."

मी सांगितलं. मोठ्या घरांनी थोडी जास्त द्यावी, ओढगस्तीच्या घरांनी अर्धी. चर्चा झाली, आवाज चढले, आणि शेवटी वर्षभर करून पाहू असं ठरलं. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता! वीस वर्षं मी कागदावर जे मांडत होते ते माझ्याच मुलखातल्या एका गावात घडणार होतं.

चार दिवसांनी ग्रामसेवकांचा फोन आला. "मॅडम, अर्ध्या पट्टीत कोण बसतं ते तुमच्याकडं तयारच आहे. आम्ही नव्यानं हिंडलो तर वर्षच जाईल."

मी एक दिवस विचार केला. खरं म्हणजे विचार असा केलाच नाही, मन वळवलं. उत्पन्नाचे आकडे काढून टाकले. नावं राहू दिली, कारण त्यांच्याशिवाय यादीला अर्थ नव्हता. आणि 'मुख्य साधन' हा रकाना ठेवला, म्हणजे कोणाला अर्धी पट्टी का, हे विचारलं तर दाखवता येईल. यादी मोबाइलवरून पाठवली. ती दप्तरात राहील असं मी धरून चालले होते. विचारलं मात्र नाही. तिलाही फोन केला नाही. सवलत मिळाल्यावर तिला आनंदच होईल, असं मला वाटलं.

यादी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागली.

तिचा फोन दुपारी आला. मी कॉलेजात होते. "तू यादी देल्ली काय वं?"

मी म्हणाले, "हो, अगं, पण आकडे नाही दिले."

तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "याहीनं वाचली. पारावरून तिघं-चौघं बोलवायले आले होते, बघ म्हने तुह्या घराचं नाव." आणि फोन ठेवला.

शनिवारी गाडी करून मी गेले. नवरा आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. तिनं चहा ठेवला. मी माफी मागत होते, ती कप पुसत होती. मग तिनं सांगितलं. ज्यांची नावं यादीत होती ते चिडले होते, कारण गावानं त्यांची गरिबी वाचली. ज्यांची नव्हती ते चिडले होते, कारण त्यांना वाटलं आपली कमाई कोणीतरी फुगवून सांगितली. त्या म्हाताऱ्याच्या नावापुढे साधन म्हणून 'निराधार अनुदान' लिहिलेलं होतं. त्याच्या मुलाला कोणीतरी फोटो पाठवला आणि मुलानं बापाला फोनवर नाही नाही ते सुनावलं. आणि सगळे येत होते ते तिच्याच दारात. मी पुण्याला होते.

"पट्टी तुही चांगलीच होती," ती म्हणाली. "मले पटली होती. पन मले ईचारलं काऊन नाही?"

मी परत माफीच मागायला लागले. तिनं हातानं थांबवलं.

"आता एक कर. ज्या ज्या घरी म्या तुले नेलं, त्या घरी चाल. म्या सांगतलं नव्हतं, म्या देल्लं नव्हतं, येवढंच बोल. तुह्या तोंडानं बोल."

दुसऱ्या दिवशी दिल्लीत परिषद होती. तिथे याच गावाबद्दल मी बोलणार होते. बाहेर ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला होता. मी म्हणाले, "पुढच्या खेपेला नक्की. दोन दिवस काढूनच येते." तिनं मान हलवली. गाडीपर्यंत सोडायला आली, माझ्या पिशवीत वांगीही घातली.

दिल्लीत माझं भाषण चांगलं झालं. एका तरुण मुलीनं विचारलं, "अशी करपद्धत लोक स्वीकारतात का?" मी म्हणाले, सुरुवातीला थोडा विरोध होतो. सभागृहानं समजुतीनं मान डोलावली. मी पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मग परीक्षा आल्या, मग या गावावरच्या माझ्या लेखाच्या दुरुस्त्या. पुढची खेप पाच महिन्यांनी पडली. तोवर गावानं अर्धी पट्टी रद्द करून पुन्हा सगळ्यांना सारखी केली होती. ज्यांना सवलत मिळाली होती त्यांनीच आधी हात वर केले म्हणे. मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "चल, जाऊ या."

ती मेथी निवडत होती. "कुठं?"

"घरोघर. मी सांगते सगळ्यांना."

"झालं ते," ती म्हणाली. "मी जाऊन आली."

एकटीच गेली होती. एकूण एक घरी. जिथे तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता तिथे जाऊन, "माही चूक झाली, तिले मीच आनलं," असं म्हणून आली होती. म्हाताऱ्यापाशी तासभर बसली होती. दोन घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. हे तिनं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी खोदून विचारलं म्हणून सांगितलं. नवऱ्यालाही तिनं सगळं सांगून टाकलं होतं. आता ती निंदायला उघड जाते, सकाळी रिक्षातून, बाकीच्या बायांसोबत. त्यानं महिनाभर तिच्याशी बोलणं सोडलं होतं, मग एक दिवस तिचा डबा त्यानंच भरून दिला. एवढं सांगताना मात्र तिचा चेहरा जरा उजळला.

तरीही मी त्या घरांत जायला हवं होतं. तिनं नको म्हटलं आणि मी ऐकलं, कारण नको हे मलाही सोयीचं होतं.

लेख छापून आला. त्यात गावाचं नाव नाही, माणसांची नाहीत, सगळं नियमानुसार आहे. योजना का मोडली यावर एक परिच्छेद आहे: 'प्रशासकीय अंमलबजावणीतील त्रुटी.' तो परिच्छेद मीच लिहिला. यादी कोणी दिली ते त्यात नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मी तिला फोन करते. ती उचलते, गोड बोलते. नवऱ्याची पाठ बरी आहे, यंदा सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला, भाव बरा आहे. माझ्या अभ्यासाबद्दल ती आता विचारत नाही. मी आपणहून काही सांगायला लागले, तर "हाव" म्हणत ऐकून घेते, आणि कोणीतरी दारात आल्याचं सांगून फोन ठेवते.