रिंग बाराला

"त्रिकोण जरा डावीकडे आहे. बाराला आणा की," फोनवर पुण्याचे कुलकर्णी म्हणाले.

मी वाढवणला धर्माकाकांच्या ओट्यावर पालथा पडलो होतो. समोर कोळशासारख्या काळ्या कापडावर त्यांचं घड्याळ होतं. नुकतीच सकाळ झाली होती. माडांच्या मध्ये धुकं होतं आणि त्यातून येणारं ऊन दुधात भिजवल्यासारखं वाटत होतं. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. नमुन्याचा पहिला फोटो मी कुलकर्णींना पाठवला आणि लगेच त्यांचा फोन आला.

"काटेही दहा-दहावर घ्या," ते म्हणाले. "आणि काचेत तुमचा हात दिसतोय."

"घेतो, साहेब."

तलासरीला हायवेलगत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल आल्यावर घड्याळं दुरुस्त करायला येणारे कमी झाले. पण जुनी, चावीची, परदेशी घड्याळं हौसेनं जमवणारे लोक असतात, हे मला दोन हजार सोळाच्या सुमारास कळलं. कुलकर्णी त्यांच्यातलेच. असे लोक दुकानात येत नाहीत. फोटो बघतात आणि फोटोवरच ठरवतात. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी मोबाईलवर फोटो काढायला शिकलो. ही गोष्ट दोन वर्षांनंतरची, दोन हजार अठराच्या थंडीतली.

घड्याळाचा जवळून फोटो काढणं म्हणजे काचेशी भांडण. काच सगळं दाखवते: आकाश, छप्पर, फोन, फोनमागचं आपलं तोंड. त्यासाठी मी काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडतो आणि लेन्स त्यातून बाहेर काढतो. मग काचेत फक्त काळोख दिसतो. ऊन थेट पडू द्यायचं नाही, मध्ये बटर पेपर धरायचा. फोन फार जवळ न्यायचा नाही, नाहीतर चित्र पुसट येतं. वीतभर लांब राहून थोडं झूम करायचं. स्क्रीनवर डायलच्या नावावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच बांधला जातो. आणि श्वास रोखायचा. त्या क्षणी घड्याळ एवढं मोठं होतं की सेकंदकाटा एखाद्या मोठ्या मैदानातून चाललेल्या माणसासारखा दिसतो. खरं सांगतो, मला त्या मैदानात राहायला आवडतं. तिथे कुणी काही मागत नाही.

हे घड्याळ पाण्याखाली वापरायचं होतं. धर्माकाका तरुणपणी जहाजावर होते, तेव्हा कुठल्याशा बंदरात घेतलेलं. निळी डायल आणि बाहेरून काळी फिरती रिंग, जिला आम्ही बेझल म्हणतो. तिच्यावर एक पांढरा त्रिकोण असतो. पाणबुड्या बुडी मारताना तो त्रिकोण मिनिटकाट्यापुढे आणतो, म्हणजे किती वेळ झाला ते कळतं. आपल्याकडे ही रिंग कुणीच वापरत नाही. मी तरी तसंच समजत होतो.

काकांच्या मुलाला घड्याळ विकून बोटीवर जीपीएस बसवायचा होता. तो तेव्हा समुद्रात होता. काकांनी पहाटे घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सुनेला लागेल ते. ती ओहोटीला खडकावरची कालवं काढायला जाईल, त्याच्या आधी दे. मी बंदरावर जाऊन येतो." आणि ते गेले.

सून म्हणजे मनीषा. तिचं माहेर तलासरीकडचं, डोंगराच्या बाजूचं. समुद्र तिनं लग्नानंतर पाहिला. माझ्या दुकानावरून शाळेत जाणारी मुलगी ती, म्हणून मला भाऊ म्हणायची.

मी त्रिकोण बाराला आणला. तो अकराच्या जवळ होता. टिक, टिक, टिक करत रिंग फिरली आणि घड्याळ कसं नीटनेटकं दिसायला लागलं! चावी बाहेर ओढून काटे दहा-दहावर नेले. ब्रशनं धूळ झटकली. मग तासभर मी त्या निळ्या डायलमध्ये होतो. धुकं हळूहळू विरळ होत होतं, तसा निळा रंग गडद होत होता, जणू खालून पाणी चढतंय. इतके चांगले फोटो मी त्याआधी कधी काढले नव्हते.

"भाऊ, झालं का? बायका निघाल्या." मनीषा दारात उभी होती, डोक्यावर टोपली, हातात टोकदार लोखंड.

"झालं, झालं." मी मोबाईल बघून काटे बरोबर लावले. अगदी मिनिटाला मिनिट. ते माझं काम, त्यात मी चुकत नाही. तिनं घड्याळ मनगटावर चढवलं. पुरुषी पट्टा, तिला सैल होत होता. "विकलं जाईल का लगेच?" तिनं विचारलं.

"जाईल बघ."

"बरं," ती म्हणाली. चेहरा मात्र बरं म्हणणारा नव्हता. ती गेली.

मी ओट्यावर बसून फोटो निवडत राहिलो. शेजारच्या म्हातारीनं चहा आणून दिला. ऊन अंगावर आलं. कुठेतरी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, माडांचा सळसळाट. मी कुडाला टेकलो होतो. झोप नव्हती आणि जागही नव्हती. डोळ्यांपुढे तो पांढरा त्रिकोण, अगदी मधोमध, सरळ.

धर्माकाका परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. "दाखव बघू," म्हणत शेजारी टेकले. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मान मागे नेली, पुढे आणली.

"झकास. अरे, पण हा त्रिकोण बाराला कसा?"

"मीच आणला. फोटोत सरळ दिसतो."

"परत जागेवर नेला ना?"

"कुठल्या जागेवर?"

काका उठून उभे राहिले. "मनीषा घरी आली?"

"नाही."

"अरे, भरतीचा हिशेब आहे तो! रोज पहाटे मी लावून देतो. लहान काटा त्रिकोणाला लागला की खडकावरून वर यायचं. तिला पाणी कळत नाय अजून. तिला ते घड्याळ कळतं!"

ओहोटी रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, तसा त्रिकोणही रोज थोडा पुढे. मी तो तासभर पुढे ढकलला होता. काका धावत सुटले. मी अनवाणीच त्यांच्या मागे.

किनारा शांत होता. वारा नव्हता, लाटही नव्हती. पाणी चांदीच्या पत्र्यासारखं पसरत होतं, आवाज न करता. मला वाटायचं, माणूस बुडतो तो खवळलेल्या समुद्रात. इथे तर सगळं इतकं सुंदर होतं की भीती वाटायला उशीर लागला. वाळूवर सात-आठ बायका उभ्या राहून ओरडत होत्या. लांब, काळ्या खडकाच्या टोकावर मनीषा वाकून काम करत होती. तिच्या आणि आमच्यामध्ये पाण्याचा रुंद पट्टा भरला होता.

"आम्ही निघताना हाका मारल्या हो!" एक बाई काकांना म्हणाली. "तर घड्याळ दाखवते. म्हणे अजून वेळ आहे. आम्ही चेष्टा करतो ना तिची, डोंगरातली म्हणून, मग ऐकते कशाला!"

"मने!" काका ओरडले. तिनं वर बघितलं. मग मनगटाकडे बघितलं. मग तिच्या आणि आमच्यामधल्या पाण्याकडे. ती ताठ उभी राहिली आणि हललीच नाही.

काका पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही, तरी मी मागोमाग गेलो. पाणी कमरेला लागलं तेव्हा काका मागे न बघता म्हणाले, "तू थांब तिथेच. दोघांना नाय ओढणार मी." मी थांबलो. त्यांच्या छातीपर्यंत पाणी आलं. पायाखाली धारदार कालवांचे खडक होते, ते चाचपत काका पुढे जात होते. "टोपली सोड! माझ्याकडे बघ. पाण्याकडे नको. ये!"

तिनं टोपली सोडली. ती पाण्यात उतरली, एकदा घसरली, गळ्यापर्यंत गेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काकांनी तिचा दंड धरला होता. दोघं फार सावकाश येत होती. घड्याळाचा हात तिनं डोक्याच्या वर धरला होता, ते भिजू नये म्हणून.

वाळूवर बसल्यावर तिचे दात वाजत होते. दोन्ही पायांना कालवांनी कापलं होतं. "बाबा, मी बघत होते," ती काकांना म्हणाली. "काटा लागलाच नव्हता अजून. खरंच नव्हता."

"ती रिंग मी फिरवली," मी म्हणालो. "फोटोसाठी. तुझी काही चूक नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त समजून घ्यायचा प्रयत्न करत होती.

मघाचीच बाई आपलं लुगडं पिळता पिळता म्हणाली, "फोटो तरी चांगला आला का, भाऊ?"

दोघी-तिघी हसल्या. काका हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मीही सांगायला हवं होतं." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. परक्या माणसाच्या वस्तूत काय दडलंय ते विचारायचं काम वस्तू हातात घेणाऱ्याचं.

त्या रात्री मी कुलकर्णींना फोन करून घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती बाई ठीक आहे ना?" आणि मग, थोडं चाचरत, "फोटो मात्र अप्रतिम आहेत हो." मी फोन ठेवला. फोटो पुसून टाकावेत असं वाटलं. पुसले नाहीत. ते खरोखरच अप्रतिम होते, आणि हेच मला जास्त लागलं.

महिन्याभरानं काकांचा मुलगा घड्याळ घेऊन दुकानात आला. मला वाटलं, चार शब्द सुनावेल. तो म्हणाला, "पाठवून द्या पुण्याला. मनीषा आता नाय घालत."

"माझ्यामुळे."

"तसं नाय. आता बायका खडकावरून उठल्या की ती उठते. त्यांच्या आधीच उठते कधी कधी. परवा तर तिनंच हाका मारल्या सगळ्यांना." तो काचेवर टकटक करत म्हणाला, "जीपीएस कुठला चांगला, माहीत आहे का तुम्हाला?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

घड्याळ पुण्याला गेलं. मी फोटो अजूनही काढतो. कुठलंही घड्याळ हातात आलं की पहिला फोटो ते जसं आलं तसाच काढतो: तिरकं, धुळीसकट, रिंग असेल तिथे. परत देताना त्या फोटोशी ताडून बघतो. आणि घेतानाच मालकाला विचारतो, "यातलं काय हलवायचं नाही?" बहुतेक लोक म्हणतात, काही नाही, काय वाटेल ते हलवा. तरीही मी थोडा वेळ थांबतो. काही जणांना आठवायला वेळ लागतो.