इंजिनावरचं कुंकू

आश्विन वद्य चतुर्थी, सन १९७१. गाडीत आम्ही तिघं होतो. चाकावर मी, मागच्या सीटवर उशांना टेकून माझे यजमान आणि त्यांची छाती चोळत बसलेल्या वन्सं. सामानात औषधांची पिशवी, पाण्याचा तांब्या, जादा पांघरूण आणि हत्यारांची पेटी. पवनानगरहून निघताना मी सगळं एकदा बघून घेतलं होतं. ही सवय मला ह्यांच्या दम्यानं लावली. आजारी माणसाच्या घरात विसरभोळेपणा परवडत नाही.

हवापालट म्हणून आम्ही वन्संच्या सासरी गेलो होतो, पण धरणाच्या गार हवेनं उलटंच झालं. दुपारपासून ह्यांचा श्वास वर लागला. सोबतची औषधं देऊन झाली, वाफ देऊन झाली. लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन देणं हा एकच उपाय उरला होता. त्या वर्षी मी फार थकले होते. उपास, अंगारे, नवस, सगळं केलं होतं, तरी दुखणं हटत नव्हतं. देवीपुढे हात जोडले की मनात पुढच्या कामांची यादी सुरू व्हायची. प्रार्थनेला जागाच उरली नव्हती.

गाडी ह्यांच्या वडिलांची, जुनी विलायती. ती मी चालवायला शिकले, कारण ह्यांच्याच्यानं चाक ओढवेनासं झालं. वाटेतल्या खिंडीच्या चढावर दाट धुकं लागलं आणि गाडी झटके खाऊ लागली. खिंड कशीबशी पार केली. लोणावळ्याच्या वाटेवरच्या औंढ्याच्या अलीकडे उतारावर इंजिन बंद पडलं. दिवस नुकताच मावळला होता, शेवटची एसटी निघून गेली होती.

इंजिन बंद पडलं तर काय काय तपासायचं, हे ह्यांनी मला क्रमानं शिकवलं होतं. पेट्रोल येत होतं. बॅटरीच्या तारा घट्ट होत्या. प्लग काढून पुसले, पॉइंट घासले. कॉइलमधली वीज चारही प्लगांना वाटणारी काळी टोपी धुक्यानं ओली झाली होती, तीही कोरड्या फडक्यानं टिपली. दसऱ्याला वन्संनी तिकडेच गाडीची पूजा केली तेव्हा बॉनेट उघडून इंजिनालाही हळदीकुंकू वाहिलं होतं. त्या टोपीवर ओल्या कुंकवाची बोटं ओढलेली होती. मी टोपी पुसली ती कुंकू सोडून. तसं मी ठरवलं नव्हतं, हातच वळसा घालून गेला. नवरा मागे श्वासासाठी तडफडत असताना कुठली बाई कुंकू पुसेल?

वन्सं पुढे येऊन स्टार्टर दाबायच्या, इंजिन नुसतं फिरायचं. मागून ह्यांचा तुटका आवाज आला, "झाली... यादी? आता?" थट्टा करायची होती, पण श्वास पुरला नाही. कार्ल्याच्या देवीचा डोंगर जिकडे असेल तिकडे अंदाजानं तोंड केलं आणि मनात म्हटलं, आई, माझं करून झालं, आता तू बघ. एवढंच. नवस बोलायचंही त्राण नव्हतं.

अंधार दाटत आला तेवढ्यात वाटेनं कंदील येताना दिसला. वाडीवरची एक म्हातारी, कपाळ मोकळं, खांद्यावर घोंगडं. गाडीचा आवाज ऐकून आली होती. काही न विचारता तिनं कंदील इंजिनावर धरला. ह्यांचा श्वास ऐकून म्हणाली, "लय ओढतोय गं." मी पुन्हा तारा चाचपू लागले, आणि कंदील विझला.

"आत्ता तर भरलावता," ती पुटपुटली.

कंदील विझल्याचं आत बसलेल्या वन्संना कळलं नाही. त्यांनी त्याच वेळी स्टार्टर दाबला. मिट्ट काळोखात मला दिसलं: टोपीवर निळी ठिणगी सरपटत होती, अगदी कुंकवाच्या रेघेवरून, एका तारेकडून दुसरीकडे. वीज प्लगांपर्यंत पोचतच नव्हती. धुक्यानं ओलावलेलं कुंकू तिला मध्येच वाट देत होतं. कंदिलाच्या उजेडात ते कधीच दिसलं नसतं.

काय करायचं ते कळलं, पण फडकं धरलेला हात पुढे जाईना. वन्संना सांगितलं तर त्या घाबरून म्हणाल्या, "वहिनी, आज नको. दुसरं काहीतरी बघा." म्हातारीनं दोघींचं ऐकून घेतलं.

"द्या फडकं हिकडं," ती म्हणाली. "माझं तर कवाच पुसलंय. मला काय व्हणार? तुमी तिकडं बघा."

मी फडकं दिलं आणि तोंड फिरवलं. तिनं चाचपडत टोपी पुसली, मग पदरानं पुन्हा कोरडी केली. वन्संनी स्टार्टर दाबला आणि इंजिन धरलं. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला चाकाकडे ढकललं. "पाया काय पडतीस? माणसाला घिऊन डाक्टर गाठ आदी."

वेळेवर पोचलो. पहाटे ह्यांना शांत झोप लागली.

ती कोण होती, असं लोक डोळे मोठे करून विचारतात. ती औंढ्याच्या वाडीवरची मावशी होती. मागाहून मी तिच्या घरी जाऊन चहाही पिऊन आले. कंदील कसा विझला, हे तिला सांगता येत नाही, मलाही नाही. मी त्यावर वाद घालत नाही. माझे हात जिथे थांबले तिथून पुढचं काम दुसऱ्या हातांनी झालं, एवढं मी जाणते, आणि रोज दिवा लावताना त्या हातांना नमस्कार करते. आता देवीपुढे बसले की यादी थोडा वेळ तरी गप्प राहते.

एक काम मात्र राहिलं आहे. गाडीच्या पूजेला मावशींना बोलवायचं आणि पहिलं कुंकू त्यांच्या हातानं लावून घ्यायचं. टोपीला नाही, बॉनेटवर. वन्सं म्हणतात, विधवेच्या हातानं कसं? त्यांची समजूत अजून पटलेली नाही. मावशीही हसून हात मागे घेतात. दसरा पुन्हा जवळ आला आहे, बाकी सगळी तयारी झाली, आणि औंढ्याला जायचं तेवढं अजून बाकी आहे.