चिकूच्या पेटीतली पानं

पेटीच्या तळाशी रद्दी अंथरताना कागदाला चिकूच्या चिकाचा वास लागतो आणि माझा हात थांबतो.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी बांगलादेशच्या लढाईवरून मी घोलवडला परतलो. अर्धवट राहिलेलं बीएस्सी पुरं करायचं म्हणून कॉलेजचा फॉर्मही आणला होता. दुसऱ्या दिवशी वाडीत वडील पेट्या भरत होते. चिकूंखाली माझ्याच अक्षरातली रसायनशास्त्राची पानं होती.

"बाकीच्या वह्या?" मी विचारलं.

"गेल्या पेट्यांतून," ते मान वर न करता म्हणाले. "तुझं पत्र येईना. घरात त्या बघवेनात."

मी रागाने फॉर्म त्याच पेटीत अंथरला.

आता घरात मी एकटाच. बायकोच्या चपला अजून दाराशी आहेत. त्या बघवत नाहीत, उचलवतही नाहीत. वडिलांनी पहिलं पान कसं फाडलं असेल?